तुटक्या आवाजाची बाजू

आपल्या महाविद्यालयात वक्तृत्वाला फार मान आहे, आणि तो असायलाही हवा. स्नेहसंमेलनात खऱ्या टाळ्या पडतात त्या दोघांनाच. एक, सामना जिंकून आलेल्या संघाला, आणि दुसऱ्या, करंडक घेऊन आलेल्या वक्त्याला. वाङ्मय मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेचा गुणतक्ता मी जवळून पाहिला आहे. त्यात विषयाची मांडणी, भाषा, आवाजाची फेक आणि ओघ अशी चार घरे असतात. ओघाला पंचवीस गुण. प्रस्तुत लेख या चौथ्या घराविषयी आहे. त्यासाठी मला लंडनमधल्या एका संगीतकाराची मदत घ्यावी लागणार आहे. हा वळसा काहींना लांबचा वाटेल. पण माझ्यापुरता तोच जवळचा रस्ता ठरला.

मी तोतरा आहे. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना पुन्हा सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याशी मी फारसा बोललेलोच नाही. प्रथम वर्षात असताना केवळ हट्टाने मी या स्पर्धेत नाव दिले. भाषण तोंडपाठ होते. आरशासमोर ते तीसेक वेळा म्हटले होते, कारण आरशासमोर माझी जीभ अडत नाही. व्यासपीठावर गेलो, 'सन्माननीय' हा शब्द सुखरूप पार पडला आणि 'परीक्षक' मधल्या 'प' वर मी थांबलो. ओठ मिटले ते उघडेनात. मग उघडले तर 'प' पुढे सरकेना. हे किती वेळ चालले मला सांगता येणार नाही. मागच्या बाकांवरून कुणी तरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या टाळ्या चेष्टेच्या नव्हत्या, दयेच्या होत्या. पण त्यांनी माझे भाषण मी सुरू करण्याआधीच संपवून टाकले. मी नमस्कार करून खाली उतरलो.

एवढ्यावर भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. दोन दिवसांनी वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर एक ध्वनिफीत आली. कुणी तरी माझे ते भाषण मोबाइलवर घेतले होते. त्यातला 'प' नेमका कापून, त्याची माळ करून, खाली नाचाचा ठेका टाकला होता. चाळीस सेकंदांची करामत. ठेका बरा जमला होता, हे मलाही कबूल करावे लागेल. ज्याने ती केली तो आजही माझ्याशी हसून बोलतो. त्याचे नाव लिहिण्यात मला रस नाही. मात्र त्यानंतर दीड महिना मी वर्गात हजेरीलाही 'हजर' म्हटले नाही, नुसता हात वर केला.

त्याच पावसाळ्यातली ही गोष्ट. माझा रूममेट रात्री झोपताना इयरफोन लावून काही तरी ऐकत पडायचा. एका रात्री वसतिगृहाची वीज गेली, बाहेर पावसाची झड लागलेली, आणि त्याने अंधारात इयरफोनचे एक टोक माझ्या हातात दिले. म्हणाला, "ऐक. यातला गाणारापण अडकतोय." मला राग आला. वाटले, ती ध्वनिफीत अजून फिरते आहे आणि आता घरातलाच माणूस ती मला ऐकवतो आहे. तरीही मी ते टोक कानाला लावले.

आधी पाऊसच ऐकू आला. बाहेरचा की आतला, कळेना. मग जुन्या तबकडीवर सुई फिरावी तशी खरखर. मग एक ठेका, पण सरळ नव्हे. चालता चालता पायरी चुकलेल्या माणसासारखा. आणि त्यावर एक आवाज. तो मुलाचा की मुलीचा, सांगता येत नव्हते. तो दोनतीन शब्द म्हणे, शेवटच्या अक्षरापाशी येई, तिथून मागे फिरे आणि पुन्हा तेच म्हणे. वाक्य पुरे होत नव्हते. तरी त्याला काय म्हणायचे आहे ते मला पूर्ण कळत होते. माझ्या आयुष्यात प्रथमच अडखळणारा आवाज मी संकोच न वाटता शेवटपर्यंत ऐकला. गाण्याचे नाव 'आर्चेंजल'. करणाऱ्याचे नाव बरिअल, म्हणजे दफन. नाव ऐकून मी हसलो. त्या दिवसांत मलाही जमिनीत गडप व्हावेसे वाटत होतेच.

पुढे मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचले. बरिअल म्हणजे दक्षिण लंडनमधला विल्यम बेवन. 'हायपरडब' या छोट्या संस्थेने २००६ साली त्याचा पहिला संग्रह काढला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये दुसरा, 'अनट्रू'. 'आर्चेंजल' या दुसऱ्या संग्रहातले. २००८ साली 'अनट्रू'चे नाव ब्रिटनमधल्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत झळकले. तोवर हा माणूस कोण हेच लोकांना माहीत नव्हते. वर्तमानपत्रांनी त्याचा शोध चालवला, आणि कुणा प्रसिद्ध संगीतकाराने हे टोपणनाव घेतले असावे असेही तर्क झाले. शेवटी त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच आपले नाव जाहीर केले. सांगितले इतकेच की आपण साधे, मागे राहणारे आहोत आणि आपल्याला फक्त गाणी करायची आहेत. तो व्यासपीठावर येत नाही. त्याने वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला असता तर त्याला किती गुण पडले असते, याचा विचार माझ्या मनात येतो.

त्याच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. लंडनमध्ये नव्वदीच्या दशकात विनापरवाना चालणाऱ्या नभोवाणी केंद्रांवरून जंगल आणि गराज नावाचे नाचाचे संगीत वाजे. त्याचे थोरले भाऊ ते ऐकत, रात्रभर चालणाऱ्या मेळाव्यांच्या गोष्टी घरी येऊन सांगत. हा लहान, त्यामुळे त्याच्या वाट्याला त्या गोष्टीच आल्या. त्याचे संगीत म्हणजे न पाहिलेल्या जत्रेची आठवण आहे. गराजच्या एका प्रकाराला टू-स्टेप म्हणतात. साध्या नाचाच्या संगीतात चारही मात्रांवर ढोल पडतो. टू-स्टेपमध्ये त्यांतले काही ठोके गाळलेले असतात. पाऊल पडायच्या जागी पोकळी येते आणि शरीर ती स्वतः भरून काढते. मला वाटलेली चुकलेली पायरी ती हीच. म्हणजे चूक नव्हे, ठेवणच तशी.

आवाजाचे काम याहून नवलाचे. त्याला हवी तशी गायिका मिळणे शक्य नव्हते. मग त्याने इतरांच्या गाण्यांतले वाद्यांविना असलेले आवाज घेतले आणि त्यांचे तुकडे जोडून आपली वाक्ये तयार केली. 'आर्चेंजल' मधला आवाज रे जे या अमेरिकन गायकाच्या २००५ सालच्या 'वन विश' मधून आला आहे. मूळ गाणे तसे सरळ प्रेमाचे. त्यातले शब्द त्याने मोडले, त्यांची पट्टी वरखाली केली. पुरुषाचा आवाज चढवून बाईसारखा करायचा, बाईचा उतरवून पुरुषासारखा करायचा, आणि दोहोंच्या मधल्या अनोळखी जागी तो सोडून द्यायचा, ही त्याची खास रीत. हे सगळे त्याने साउंड फोर्ज नावाच्या संगणकावरच्या साध्या ध्वनिसंपादन प्रणालीवर केले. ठोके आपोआप ओळीत बसवून देणारे यंत्र त्याने वापरले नाही. पडद्यावर दिसणाऱ्या ध्वनिलहरीकडे पाहून तो एकेक ठोका हाताने ठेवी. एका मुलाखतीत त्याने सांगितले आहे की ठेका जमला की त्याची लहर माशाच्या काट्यासारखी दिसते, आणि त्यावरूनच त्याला ती साधल्याचे कळते.

मी हे सारे एकदा मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत मांडले. मांडले म्हणजे दोन गाणी वाजवली आणि टिपण मित्राला वाचायला दिले. त्या वेळी सरांनी दोन आक्षेप घेतले. ते दोन्ही वजनदार होते, आणि त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. सर, आज देतो.

पहिला आक्षेप असा की यंत्राने कापाकापी करून बनवलेले ते संगीत नव्हे, ती कारागिरी आहे. गाणे गळ्यातून यावे लागते, त्यामागे श्वास लागतो. मला वाटते, श्वास म्हणजे अखंड श्वास असे आपण धरून चालतो. पण आपल्याच परंपरेत पाहावे. ख्यालात शब्द मोडले जातात, बोलतानेत त्यांचे तुकडे होतात, तराण्यात तर अर्थाचे बोट सोडूनच द्यावे लागते. आणि कुमार गंधर्व? ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. देवासला जाऊन राहावे लागले, कित्येक वर्षे गाणे बंद झाले, एक फुफ्फुस निकामी झाले. त्यानंतर ते जे गायले त्यात लांब दमसासाच्या जागी छोटे, धारदार, मध्येच सोडून दिलेले स्वरसमूह आले. त्या सोडून दिलेल्या जागांतच कित्येकांना त्यांचे गाणे सापडले. मी बेवनला कुमारांच्या पंक्तीला बसवतो आहे असा गैरसमज नको. मला म्हणायचे आहे ते इतकेच की तुटलेपण म्हणजे गाण्याचा अभाव नव्हे. आणि ज्याने एकेक ठोका डोळ्याने पाहून हाताने ठेवला त्याच्या कामात श्वास नाही असे म्हणणे मला जड जाते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सर म्हणाले, "आवाज ही माणसाची सर्वांत खाजगी वस्तू. ती न विचारता उचलायची, कापायची, बाईची पुरुष आणि पुरुषाची बाई करायची, याला मी कला म्हणू की चोरी?" या प्रश्नाने माझी बरीच रात्र खाल्ली. कारण असे अन्याय खरोखर झालेले आहेत. लोलिटा हॉलोवे या अमेरिकन गायिकेने १९८० साली 'लव्ह सेन्सेशन' हे गाणे म्हटले. १९८९ साली ब्लॅक बॉक्स या इटालियन संघाने त्यातला तिचा आवाज कापून 'राइड ऑन टाइम' केले. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि चित्रफितीत ओठ हलवायला उभी केली एक फॅशन मॉडेल. गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा. हॉलोवेला भरपाई मिळाली ती कायद्याची वाट धरल्यावर.

आणि दूर कशाला जायचे? माझाच 'प' चोरीला गेला होता. माझा आवाज कापला गेला आहे, त्याची माळ झाली आहे, ती सगळ्या वर्गाने ऐकली आहे. म्हणून या प्रश्नावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

त्या ध्वनिफितीतली युक्ती आणि 'आर्चेंजल' मधली युक्ती एकच आहे. दोन्हीकडे एक अक्षर पकडले, कापले, पुन्हा पुन्हा वाजवले. मग एकाने मी दीड महिना मुका का झालो, आणि दुसऱ्याने मला बोलते का केले? पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला एक फरक दिसला. माझ्या ध्वनिफितीत 'प' वाजत होता तो पुढचे काही ऐकू येऊ नये म्हणून. 'परीक्षक' तर सोडाच, मी जे सांगायला उभा राहिलो होतो त्याची कुणाला आठवणही राहिली नाही. त्या करामतीत मी नव्हतो, माझे वैगुण्य तेवढे होते. बरिअलच्या गाण्यात तो तुटका शब्द पुन्हा येतो तो त्याच्यामागे काही तरी आहे म्हणून. प्रत्येक फेरीला ऐकणारा थोडा पुढे झुकतो. चेष्टेत पुनरुक्ती माणसाला पुसून टाकते, इथे ती माणसाला जागा करून देते. कात्री तीच, धरणारा हात कसा धरतो हा प्रश्न आहे.

याने चोरीचा मुद्दा संपत नाही, हे मी मान्य करतो. ज्याचा गळा त्याचे नाव आणि ज्याचा गळा त्याचा वाटा, हे पाळलेच पाहिजे. कलावंताचा हात कितीही मायेचा असला तरी हिशेब चुकता करायला हवा. या बाबतीत बेवनच्या गाण्यांवरही रे जे याचे नाव ठळक दिसत नाही, आणि माझ्या मते ते दिसायला हवे. पण चोरी आणि अवहेलना हे दोन वेगळे गुन्हे आहेत. दुसरा त्याने केलेला नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये त्याचे 'रायव्हल डीलर' निघाले. ही गाणी दांडगाई आणि छळ सोसणाऱ्यांसाठी आहेत, कुणाला तरी धीर यावा म्हणून केली आहेत, असे त्याने बीबीसीला पाठवलेल्या छोट्या संदेशात कळवले. एरवी अबोल असलेल्या माणसाने स्वतःहून दिलेले हे स्पष्टीकरण. त्यातल्या 'कम डाउन टू अस' या शेवटच्या गाण्यात 'द मेट्रिक्स' या चित्रपटाच्या एक दिग्दर्शिका लाना वाचोव्स्की यांच्या २०१२ सालच्या भाषणाचा अंश येतो. पुरुष म्हणून वाढवल्या गेलेल्या या बाईंनी, आपल्यासारखे दुसरे कुणी डोळ्यांसमोर नसल्यामुळे लहानपणी काय सोसले, ते त्या भाषणात सांगितले आहे. आधी मला वाटायचे, मुलाचा आवाज मुलीचा करणे ही एक गंमत आहे. हे गाणे ऐकल्यावर त्या मधल्या अनोळखी जागेचा अर्थ लागला. ती काही जणांची राहण्याची जागा असते.

शोधता शोधता मला आणखी एक माणूस सापडला, आणि त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ॲल्विन लुसिए हा अमेरिकन संगीतकार (१९३१–२०२१) स्वतः तोतरा होता. १९६९ साली त्याने 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' ही रचना केली. एका खोलीत बसून तो चार ओळी बोलतो, आपण काय करणार आहोत तेच सांगतो, आणि बोलताना अडखळतो. ते ध्वनिमुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केले जाते. तेही पुन्हा वाजवून पुन्हा मुद्रित. प्रत्येक खोलीला स्वतःचे काही स्वर असतात. रिकाम्या खोलीत बोलताना आवाज घुमतो तो त्यांच्यामुळे. दर फेरीला ते स्वर बळावतात आणि बाकीचे मरतात. हळूहळू शब्द विरतात आणि शेवटी उरतो नुसता घंटानादासारखा सूर. त्याचा हेतू, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, आपल्या बोलण्यातला खडबडीतपणा गुळगुळीत करून टाकणे हाही होता.

१९८१ साली निघालेल्या तबकडीवर ही रचना सुमारे ४५ मिनिटांची आहे. मी ती एका बैठकीत ऐकली. सुरुवातीला मला आनंद झाला, की चला, एकाचे तरी तोतरेपण यंत्राने धुऊन निघाले. पण मध्यावर आल्यावर मी अस्वस्थ झालो. त्याचे अडखळणे नाहीसे होत होते हे खरे, पण त्याच्याबरोबर त्याचे बोलणेही नाहीसे होत होते. अगदी शेवटी सगळे सुंदर झाले, आणि माणूस उरला नाही. मी पुन्हा पहिल्या फेरीवर गेलो आणि त्याचे ते साधे, अडखळते वाक्य ऐकले. मला तेच अधिक आवडले. माझे तोतरेपण कुणी एका रात्रीत काढून घेतो म्हणाला, तर मी आनंदाने देईन, खोटे कशाला बोलू? पण त्याच्याबरोबर माझे म्हणणेही जाणार असेल तर नको.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो. गुणतक्त्यातले चौथे घर काढून टाका अशी माझी मागणी नाही. ओघ ही सुंदर गोष्ट आहे, आणि ज्यांना ती लाभली त्यांचा मला हेवा वाटतो. माझी तक्रार आहे ती ओघालाच विचार समजण्याच्या आपल्या सवयीबद्दल. अस्खलित बोलणारा काही तरी सांगतोच असे आपण गृहीत धरतो, आणि अडखळणाऱ्यापाशी सांगण्यासारखे काही नसावे असेही. तीन वर्षे मागच्या बाकावरून ऐकताना मी अशी अनेक भाषणे ऐकली की ज्यांत एकही ठोका चुकला नाही आणि ज्यांतले एकही वाक्य सभागृहाबाहेर माझ्याबरोबर आले नाही. उलट एका परक्या माणसाने दुसऱ्या परक्याच्या गाण्यातून तोडलेले तीन शब्द गेली दोन वर्षे माझ्याबरोबर आहेत.

सर त्या शनिवारी आक्षेप घेऊन थांबले नाहीत, हेही सांगायला हवे. बैठक उठल्यावर त्यांनी मला थांबवून ते गाणे पुन्हा लावायला सांगितले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मला हे आवडलेले नाही. पण तुला काय आवडले ते तू सांग." मी सांगू लागलो. 'प' आला, 'प' अडला. सर खिडकीबाहेर पाहत नव्हते, घड्याळाकडे पाहत नव्हते, आणि शब्द सुचवतही नव्हते. ते नुसते थांबले होते. त्या एका वाक्याला मला बहुधा एक मिनिट लागले असेल, पण ते पूर्ण झाले, आणि माझ्याच शब्दांनी झाले.

माझ्या मित्रांना आणि गुरुजनांना माझे सांगणे एवढेच. आमच्यासाठी टाळ्या वाजवू नका, आणि आमचे वाक्य आमच्याआधी पूर्ण करू नका. आम्ही त्याच्याच मागे आहोत, येतो आहोत.

— तृतीय वर्ष कला